कामरगावचे साबणीकरण

प्राध्यापक उदयसिंग राजपूत यांनी कामरगाव ग्रामपंचायतीला पाठवलेले पत्र दोनच ओळींचे होते. पंचायतीने महिला बचत गटाला कळवावे की, शुक्रवारी पाहणी पथक येण्यापूर्वी साबणीकरण पूर्ण करून ठेवावे.

राजपूत सर कारंजाच्या एका कॉलेजात सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवत आणि पाहणी पथकात तज्ज्ञ म्हणून होते. तेलावर कॉस्टिक सोड्याची क्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते, त्या क्रियेला साबणीकरण म्हणतात. गावात कस्तुराबाईंच्या गटातल्या अकरा बाया हेच काम दोन वर्षे करत होत्या. त्यांचा साबण पथकाला पसंत पडला, तर वाशिमच्या प्रदर्शनात गटाला दुकान मिळणार होते. ‘साबण करून ठेवा’ असे सरांना लिहिता आले असते, पण मग पत्राखाली डॉक्टरेट लिहायला त्यांना संकोच वाटला असता.

पत्र ग्रामसेवक शालिग्राम यांच्या हाती पडले. एकोणीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विद्युतीकरण पाहिले होते, त्यात खांब आले. डांबरीकरणात डांबर आले. तेव्हा साबणीकरणात काय येणार, हे त्यांना कोणाला विचारावे लागले नाही. वरून आलेल्या शब्दाचा अर्थ विचारणारा माणूस बदलीच्या यादीत वर जातो, अशीही त्यांची समजूत होती. फक्त खात्रीसाठी त्यांनी सरांना फोन लावला.

“सर, शंभर टक्के कराचं ना?”

सर खूश झाले. इतका बारीक प्रश्न त्यांना वर्गात कोणी विचारला नव्हता.

“शंभर टक्केच. अर्धवट राह्यलं तर हात भाजतीन, सांगून ठेवतो.”

कच्च्या साबणात उरलेला कॉस्टिक कातडी जाळतो, असे सरांना म्हणायचे होते. शालिग्रामना त्यात निलंबन ऐकू आले.

बुधवारी घंटागाडीच्या भोंग्यावरून पुकारा झाला, की साबणीकरणासाठी प्रत्येक घराने आधार कार्डाची झेरॉक्स द्यावी. रऊफच्या दुकानातला साबण दुपारपर्यंत पंचायतीत आला. अंगाचा द्यायचा की कपड्याचा, असे रऊफने विचारले, तर पत्रात तसा उल्लेख नसल्याने शालिग्रामनी दोन्ही घेतले. गुरुवारी वॉर्डवार वाटप झाले. शाळेच्या भिंती, हापसा आणि पंचायतीचा जिना साबणाने धुतला गेला. जिन्यावरून स्वतः सरपंच घसरले, त्याचाही फोटो काढून ठेवला.

कस्तुराबाईंनी गुरुवारीच साबण करायला घेतला होता. तेल मोजून झाले होते, कॉस्टिक पाण्यात विरघळत होता. तेवढ्यात शालिग्राम बोलवायला आले. सगळ्या बाया वाटपाच्या रांगेला हव्या होत्या.

“भाऊ, उद्या लोकं साबण पाह्यले येऊन राह्यले. तो आज कराच लागते.”

“तुमचं साबणाचं मंग पाहू, बाई. पह्यले साबणीकरण होऊ द्या.”

कस्तुराबाईंनी भगुणे झाकून ठेवले. पंचायतीशी वाकडे घेऊन गट चालत नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण दुकान हातचे गेले, हेही त्या क्षणीच त्यांना कळले.

शुक्रवारी राजपूत सर जिल्ह्याच्या साहेबांबरोबर गाडीतून उतरले, तर समोर फलक होता, ‘संपूर्ण साबणीकृत ग्राम कामरगाव’. हार घालून झाल्यावर सरांच्या हातात साबणाची वडी ठेवण्यात आली. ती त्यांनी नाकाशी नेली. बाजारची होती.

“गटाचा साबण कुठी हाय?” त्यांनी विचारले.

“तुमच्या साबणीकरणापायी राह्यला,” कस्तुराबाई म्हणाल्या.

सर पांढरे पडले. साहेबांना बाजूला घेऊन त्यांनी तेल, कॉस्टिक, ग्लिसरीन असे सगळे समजावून सांगितले. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतले.

“तुमचा अर्थ चूक आहे असं मी म्हणत नाही. पण फोटो आणि आकडा सकाळीच वर गेला. वरून अभिनंदन आलं. पुढच्या महिन्यात रिठद आणि किन्हीराजा घ्यायचं ठरलंय, त्याला जिल्हा समन्वयक लागेल.”

सरांनी एकच विचारले, की आदेशात नावाआधी ‘प्रा. डॉ.’ येईल ना.

दुकान गेले, पण दोन गावांना पुरेल इतका साबण रऊफकडे नव्हता, म्हणून मागणी कस्तुराबाईंच्या गटाकडे आली. गटाची सचिव ज्योत्स्ना बारावी सायन्स झालेली. पुरवठ्याच्या अर्जात ‘निर्मितीची पद्धत’ असा रकाना होता. तिने पुस्तक उघडून पाहिले आणि वळणदार अक्षरात लिहिले, ‘तेलाचे साबणीकरण’.

चार दिवसांनी अर्ज परत आला. तो शब्द लाल शाईने खोडला होता, आणि खाली जिल्हा समन्वयकांच्या सहीने शेरा होता, ‘साबणीकरण म्हणजे साबणवाटप. येथे साबण तयार करणे असे सोप्या भाषेत लिहावे.’