ससाण्याचे नवे भाऊबंद

पत्र आलं तेव्हा काका शिडीवर चढून गिधाडाच्या काचेच्या डोळ्यांवरची धूळ पुसत होते. संग्रहालयातले लोक त्यांना पाठीमागे गिधाडकाका म्हणत आणि तोंडावर नुसतं काका. पाठीला बाक, लांब मान आणि कुठलीही बातमी ऐकली की तिच्यात शेवटी कोण मरणार हे आधी दिसायची सवय, यामुळे ते नाव चिकटलं होतं. काकांना ते ठाऊक होतं. गिधाड हा उपयोगी पक्षी आहे, असं स्वतःला सांगून त्यांनी तो विषय कधीच मिटवला होता.

पक्षिदालन त्यांच्या ताब्यात येऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती. पेंढा भरलेले चारशे बारा पक्षी, एकोणीस काचेची कपाटं आणि दिवसाला सरासरी सहा माणसं. त्यातली दोन नुसती सावलीला आलेली असत. काकांना माणसांची फारशी हौस नव्हती. सकाळी दालन उघडायचं, डांबराच्या गोळ्यांचा वास छातीत भरून घ्यायचा आणि पहिल्या कपाटापासून एकेकाची हजेरी घ्यायची, एवढ्यात त्यांचा दिवस जाई. इथे निदान कुणी अचानक सोडून जात नाही, असं ते म्हणत.

साहेबांनी, म्हणजे संग्रहालयाच्या संचालकांनी, त्यांना खोलीत बोलावलं आणि पत्र पुढे सरकवलं. पत्र दोन ओळींचं होतं. येत्या सोमवारी तज्ज्ञांची समिती पक्षिदालनातल्या वर्गीकरणाची पाहणी करील, आणि दालन पुढे ठेवावं किंवा कसं, ते त्यानंतर ठरवण्यात येईल.

"काका, आपली मांडणी कधीची?"

"दालन उघडलं तेव्हाची. माझ्या आधीच्यांनी लावली, त्यांना त्यांच्या गुरुजींनी सांगितली तशी."

"म्हणजे चोच, नखं, पाय बघून?"

"मग आणखी काय बघणार? पक्षी काही कागदपत्रं घेऊन येत नाहीत."

साहेब म्हणाले, आता तेही घेऊन येतात. मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पूर्वी विद्वान लोक रूपावरून पक्ष्यांची नाती ठरवत. वाकडी चोच आणि तीक्ष्ण नखं दिसली की टाक त्याला गरुडाच्या घरात. लांब पाय दिसले की तो बगळ्या-करकोच्यांचा. पुढे पेशीतला डीएनए वाचता यायला लागला आणि कितीतरी घराण्यांची पोलखोल झाली. ससाणा गरुडाचा कुणीच लागत नाही, तो पोपटांच्या जवळचा निघाला. उंच रोहित पक्षी करकोच्याचा नातलग नाही. त्याचं सगळ्यात जवळचं माणूस म्हणजे तळ्यातली ती ओंजळीत मावणारी टिबुकली. घुबडाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या बसवलेला रातवा पाकोळ्यांच्या कुळातला. साहेबांनी नव्या यादीचे चौदा कागद काढून ठेवले होते. सोमवारच्या आत दालन या यादीप्रमाणे लावायचं. नाही लावलं तर समिती म्हणणार, हे लोक पन्नास वर्षं मागे आहेत. दालनाला कुलूप, पक्षी खोक्यांत भरून तळघरात, आणि काका प्रवेशद्वाराशी, लोकांच्या पिशव्या ठेवून घ्यायच्या खिडकीवर.

तळघर म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. तिथे ओल होती, आणि ओल म्हणजे पिसं खाणारी कसर. दोन वर्षांत चारशे बारा पक्ष्यांच्या नुसत्या तारा उरल्या असत्या. स्वतःच्या खिडकीचं त्यांना त्यानंतर वाईट वाटलं, पण वाटलं.

"एकदा फोन करून विचारू या का, नक्की काय बघायला येतायत ते?"

साहेबांनी त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "काका, विचारलं की आपल्याला माहीत नाही हे त्यांना कळतं."

हा त्या कचेरीचा जुना रिवाज होता. वरून आलेल्या पत्राला उलट प्रश्न विचारायचा नाही. त्याचा आपल्याला वाटेल तो अर्थ लावायचा आणि तो जिवापाड पाळायचा. एकदा 'जिना स्वच्छ ठेवावा' असं पत्र आलं, तर साहेबांच्या आधीच्या साहेबांनी जिना दोरी बांधून वर्षभर बंदच ठेवला होता.

काम मंगळवारी सुरू झालं. मदतीला सुतार होता. त्याला पक्ष्यांतलं काही कळत नव्हतं, त्यामुळे तो खुशीत होता.

पहिला ससाणा. तो शिक्र्याबरोबर एकाच फांदीवर बसवलेला होता. सुतारानं फांदी मधोमध कापली आणि दोघांची वाटणी झाली. ससाण्याला पोपटांच्या कपाटात नेऊन ठेवल्यावर काका दोन पावलं मागे सरले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. ज्यानं कुणी तो ससाणा भरला होता त्यानं तो शिकारीसकट भरला होता. त्याच्या पंजात पोपट होता.

"काय झालं, काका?" सुतारानं विचारलं.

"काही नाही. पहिल्यांदा भावकीत आला, तो त्यांच्याच घरचं प्रेत घेऊन."

पोपट सोडवणं भाग होतं. पण पंजा आणि पोपट यांतून एकच तार ओवलेली होती. काकांनी पक्कड घेऊन हलक्या हातानं ओढलं, सुतारानं जरा कमी हलक्या हातानं ओढलं, आणि पोपट निघाला तो पंजा घेऊनच निघाला. ससाणा एका पायाचा झाला. सुतारानं सरस लावू का म्हणून विचारलं. काका म्हणाले, राहू दे, नवीन नातलगांत गरीब दिसलेलं बरं.

बुधवारी रोहित. त्याचं कपाट सहा फूट उंच, टिबुकल्यांचं दीड फूट. रक्ताचं नातं सांगणाऱ्यांनी उंचीचा विचार केलेला नव्हता. रोहिताला टिबुकल्यांकडे नेणं शक्य नसल्यानं टिबुकल्यांना त्याच्याकडे आणलं आणि त्याच्या पायांशी मांडलं. तो वर कुठेतरी पाहत उभा, त्या खाली कुठेतरी पाहत बसलेल्या. लग्नात एकाच सोफ्यावर बसवलेल्या दोन्हीकडच्या पाहुण्यांसारखे. पण त्या कपाटात आधीपासून करकोचा होता. त्याचा आता रोहिताशी संबंध उरला नव्हता आणि दुसऱ्या कुठल्या कपाटात तो मावत नव्हता. त्याला तात्पुरतं बाहेर बोळात उभं केलं. गुरुवारी सकाळी कुणीतरी त्याच्या मानेला छत्री अडकवलेली होती. शुक्रवारपर्यंत दोन छत्र्या आणि एक जेवणाची पिशवी झाली.

रातव्याला पाकोळ्यांकडे न्यायचं तर पाकोळ्यांची फळी सैल होती. ती पक्की करायला लाकूड हवं होतं. काका साहेबांकडे गेले आणि साहेबांच्या डोक्यात एका दगडात दोन पक्षी आले. प्रत्येक कपाटावर जुन्या घराण्याच्या नावाची लाकडी पाटी होती, काकांच्या आधीच्यांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली. त्या नाहीतरी समितीच्या नजरेला पडायला नकोत. सुतारानं एकोणीसच्या एकोणीस पाट्यांवर रंधा मारला, त्यातून फळीला टेकू दिले आणि उरलेल्यांचं एक स्टूल केलं. जुनी नोंदवही, जिच्यात कुठला पक्षी कुठे आणि का, हे लिहिलेलं होतं, तीही साहेबांनी रद्दीत घातली. चुकीचा पुरावा जवळ बाळगू नये, असं त्यांचं म्हणणं होतं. काकांनी विरोध केला नाही. त्यांना फक्त त्या दिवशी डबा गेला नाही.

घरी काकू भाजी निवडत बसल्या होत्या. काका बराच वेळ चपला न काढता उभे राहिले.

"अठ्ठावीस वर्षं मी शाळेच्या पोरांना सांगत आलो. ससाणा हा गरुडाचा धाकटा भाऊ. हजारो पोरं झाली असतील. सगळ्यांना खोटं सांगितलं मी."

काकूंनी एक पिकलं पान बाजूला टाकलं. "अहो, पण तुम्ही सांगितलेलं कुणी लक्षात ठेवलं असेल असं वाटतं का तुम्हाला?"

काकांना क्षणभर फार मोकळं वाटलं. मग त्याच वाक्याचा दुसरा अर्थ त्यांच्या लक्षात आला आणि ते पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. काकू आत येऊन म्हणाल्या, तसं नव्हतं म्हणायचं मला. पण त्यांना तसंच म्हणायचं होतं, आणि ते खरंही होतं.

सोमवारी दहाला समिती आली. दोन गृहस्थ आणि काठी टेकत चालणाऱ्या एक वयस्कर अध्यक्षबाई. साहेब पुढे होते, नवा सदरा घालून. काका कोपऱ्यात, शिडीजवळ. बाई आत आल्या, एकपायी ससाण्यापाशी थांबल्या, रोहिताच्या पायांकडे वाकून पाहिलं, आणि मग सावकाश वळल्या.

"जुनी मांडणी कुठाय?"

"काढली, मॅडम," साहेब उजळ चेहऱ्यानं म्हणाले. "सगळी. आठवड्यात. आता एकही नातं जुनं राहिलेलं नाही."

बाई स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, नव्या यादीप्रमाणे लावलेली दालनं शेकड्यानं आहेत. सगळीकडे हौसेनं बदललं, आणि जुनं कसं होतं हे बघायला कुठेच काही उरलं नाही. आमच्या माहितीत जुन्या पद्धतीनं लावलेलं हे एकच दालन जसंच्या तसं होतं. लोक पूर्वी नुसत्या डोळ्यांनी कसा विचार करत, हे दाखवणारं. ते तसंच जपावं, अशी शिफारस करायला आम्ही आलो होतो.

बोळात करकोच्याच्या मानेवरची एक छत्री खाली पडल्याचं ऐकू आलं. साहेबांनी काकांकडे पाहिलं. या नजरेचा अर्थ काकांना नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून माहीत होता.

"काका, तुम्ही तरी बोलायचं," साहेब म्हणाले.

बाईंनी फोटोंची चौकशी केली. फोटो नव्हते. दालनात फोटो काढायला मनाई होती, आणि काकांनी ती अठ्ठावीस वर्षं फार कडक पाळली होती. नोंदवही? साहेब छताकडे पाहू लागले. पाट्या? बाई त्यांच्यावरच बसल्या होत्या, पण ते कुणी सांगितलं नाही. एका गृहस्थानं वही मिटली आणि म्हणाला, मग इथे जपण्यासारखं काही नाही. बंदच करावं लागेल.

तेव्हा काका बोलले. कुणाला उद्देशून नव्हे, रोज सकाळी बोलत तसे, शिडीला हात टेकून.

"दारातून डावीकडे पहिलं कपाट. वरची फळी, गरुड, तोंड खिडकीकडे. त्याच्या उजवीकडे घार, शेपटीची दोन पिसं नाहीत. खाली एका फांदीवर शिक्रा आणि ससाणा, ससाणा किंचित वर, कारण आमच्या आधीच्यांचं म्हणणं की धाकट्याला मान द्यावा. दुसरं कपाट. घुबडं चार, पाचवा रातवा. घुबडाचा चुलतभाऊ म्हणून त्याला कोपऱ्यात जागा दिलेली..."

बाईंनी बंद झालेली वही गृहस्थाच्या हातातून काढून घेतली आणि लिहायला सुरुवात केली. काका थांबले नाहीत. एकोणीस कपाटं, चारशे बारा पक्षी, कुणाचं तोंड कुठे, कुणाला कुणाशेजारी का बसवलं, कोण कुणाचा मामा, कोण दत्तक; सगळं. तास लागला. शेवटच्या कपाटाशी त्यांचे डोळे भरून आले, म्हणून ते गिधाडाकडे वळून उभे राहिले.

बाईंनी लेखणी ठेवली. "हे सगळं चूक आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो. मंगळवारपासून माहीत आहे."

"तरी एवढं पाठ?"

"बरोबर होतं तेव्हा केलं होतं पाठ."

जाताना बाईंनी साहेबांना चार वाक्यं सांगितली. दालन पुन्हा होतं तसं लावायचं. ते राहील. हे काका हवेत, कारण या चुका आता दुसऱ्या कुणालाच येत नाहीत. आणि दारावर एक स्पष्ट पाटी लावायची, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही.

पाटी काकांनीच रंगवली, कारण अक्षर त्यांचं बरं होतं. 'या दालनातील पक्ष्यांची नाती आता खरी मानली जात नाहीत.' रंगवायला दोन दिवस लागले. 'नाहीत' पाशी त्यांचा हात तीनदा थांबला. काकू म्हणाल्या, पक्षी वाचले, तुम्ही राहिलात, आणखी काय हवं. काका म्हणाले, काही नको. आणि खरंच त्यांना सांगता आलं नसतं की काय हवं होतं.

आता ते रोज पाटीखाली खुर्ची टाकून बसतात. कुणी विचारलं की आधी जुनं नातं सांगायचं, मग ते खोटं आहे हे सांगायचं, असा साहेबांचा लेखी हुकूम आहे. दोन्ही ते सारख्याच आवाजात सांगतात.

परवा एक बाई आल्या. त्यांनी पाटी दोनदा वाचली, आत डोकावून पाहिलं आणि काकांना विचारलं, "मग खरं कुठे ठेवलंय?"

"ते अजून ठरतंय," काका म्हणाले.

बाई बरं म्हणाल्या आणि बाथरूम कुठे आहे ते विचारलं. ते मात्र काकांनी खात्रीनं सांगितलं.