वेणूचा एकुलता एक डाग

एका जंगलात, मुलांनो, कुणालाच डाग नव्हता.

ठिपके होते. पट्टे होते. कुणाच्या शेपटीचं टोक काळं होतं, कुणाचा गळा पिवळा होता. पण याला डाग म्हणायचं असतं, हे तिथे कुणाला माहीत नव्हतं. फारच मागासलेलं जंगल होतं ते. चरायचं, रवंथ करायचं, पिल्लं वाढवायची. तळं होतं, पण तळ्यावर जायचं ते तहान लागली तर.

त्या जंगलात चितळांचा एक कळप होता, आणि त्या कळपात वेणू नावाची हरिणी होती. चितळ तुम्ही चित्रात पाहिलं असेल. तांबूस तपकिरी अंग आणि त्यावर पांढरे ठिपके. वेणू विचारी होती. गवताची काडीसुद्धा हुंगून मगच तोंडात घ्यायची. तिची धाकटी जाऊ रेवा मात्र हुंगत बसत नसे. वेणूने जे खाल्लं ते ती खायची, वेणू जिथे बसली तिथे बसायची. एवढं सोपं तिने आयुष्य करून ठेवलं होतं.

दुपारी दोघी सागाखाली उभ्या राहत. पानांतून उन्हाचे कवडसे पडत आणि दोघींच्या अंगावरचे ठिपके त्यांत मिसळून जात. बिबट्या एका उडीच्या अंतरावरून जायचा आणि त्याला दोघी दिसायच्या नाहीत. याचं दोघींना काही कौतुक नव्हतं. फुकट मिळालेल्या गोष्टीचं कोण कौतुक करणार?

मग एका उन्हाळ्यात शहरातल्या तळ्यावरून एक बगळा परत आला. जाताना तो नुसता बगळा होता. येताना त्वचातज्ज्ञ झाला होता.

त्याने जांभळीखाली दुकान थाटलं आणि त्याला ‘उजळणी’ असं नाव दिलं. दारातल्या फांदीवर एका बाजूला कावळा बसवला, दुसऱ्या बाजूला तो स्वतः बसला. कावळ्याखाली पाटी लावली: ‘पूर्वी’. स्वतःखाली पाटी लावली: ‘नंतर’. कावळ्याला बसल्या जागी मासे मिळत होते, त्यामुळे आपण ‘पूर्वी’ आहोत याबद्दल त्याचं काही म्हणणं नव्हतं.

एके दिवशी वेणू आणि रेवा त्या वाटेने पाण्याला निघाल्या होत्या. बगळ्याने मान लांब केली आणि वेणूच्या पाठीकडे बराच वेळ पाहिलं. डॉक्टर लोक पाहतात तसं. मग हळूच विचारलं,

“ताई, हा डाग कधीपासून आहे?”

वेणूने मागे वळून पाहिलं. “कुठला डाग?”

“मानेपासून सुरू होतो,” बगळा म्हणाला, “आणि शेपटीपर्यंत जातो.”

त्याने नीट समजावून सांगितलं. अंगावर पांढरे ठिपके दिसतात ना, ती वेणूची खरी त्वचा. बाकी सगळीकडे जे तपकिरी पसरलंय, तो डाग. उन्हात फिरून, काळजी न घेऊन वाढलेला. मात्र घाबरायचं कारण नव्हतं. वेणू वेळेवर आली होती. अजून बऱ्याच ठिकाणी त्वचा शिल्लक होती.

त्या दिवशी वेणू तळ्यावर गेली ती तहान नसताना. पाण्यात तिने स्वतःला पहिल्यांदा नीट पाहिलं. डाग खरंच मोठा होता. एवढा मोठा डाग घेऊन आपण लग्न केलं, पिल्लं वाढवली, चारचौघींत चरलो, हे आठवून तिला कानकोंडं झालं. तिने नवऱ्याला विचारलं. त्याने तोंडातलं गवत खाली ठेवून तिला नीट न्याहाळलं आणि आपल्याला तर कधी डाग दिसला नाही असं सांगितलं. यावरून वेणूला एवढंच कळलं, की हा इतकी वर्षं आपल्याकडे बघतच नाही.

आता औषध घ्यायचं ठरलं. पण वेणू विचारी होती हे मी तुम्हाला सांगितलंच आहे. ती बगळ्याच्या दुकानात गेली आणि तिने सगळी सीरमं काढायला लावली.

पहिलं होतं ‘राजहंस’. त्यात मोती होते आणि केशर होतं, आणि त्याच्या बदल्यात आख्ख्या हंगामाची मोहफुलं द्यावी लागत. ते हत्तीणबाईंनी घेतलं होतं, त्यामुळे ते चांगलं असणार यात शंका नव्हती. हत्तीणबाई अजून होत्या तशाच करड्या होत्या, पण मनाने खूप उजळल्यासारखं वाटतं असं त्या सांगत. दुसरं ‘चांदणी’. ते मध्यम होतं. मध्यम माणसं घेतात तसं. तिसरं ‘पहाट’. ते तोंडभर मोहफुलांत मिळत होतं.

वेणूने घाई केली नाही. ती मारोतरावांकडे गेली.

मारोतराव म्हणजे वानर. त्यांचं पिढीजात काम म्हणजे झाडाच्या शेंड्यावर बसून बिबट्यावर नजर ठेवायची आणि तो दिसला की खाकरून खालच्या हरणांना सावध करायचं. पण या कामात कुणी नाव घेत नाही. म्हणून हल्ली ते शेंड्यावर बसून सीरमांची परीक्षणं सांगत. खाली ही गर्दी जमायची. मारोतरावांनी तिन्ही सीरमं स्वतःच्या तोंडाला लावून पाहिली होती, आणि आपल्या चेहऱ्यावर आता एकही काळा डाग उठून दिसत नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगत. ते खरंच होतं. वानराचं तोंड तुम्ही पाहिलंय ना?

स्वस्तात स्वस्त आणि तरी गुणकारी म्हणून त्यांनी ‘पहाट’चं नाव घेतलं. वेणू परत दुकानात आली आणि तिने शेवटची शंका विचारली. इतकं स्वस्त कसं काय परवडतं?

बगळ्याने डोळे मिटून घेतले. एक सद्गृहस्थ आहेत, तो म्हणाला. गोरगरीब हरणांनाही उजळता यावं अशी त्यांची तळमळ आहे. खर्च तेच उचलतात आणि नाव सांगू नका म्हणतात. वेणूचे डोळे भरून आले. जगात अजून अशी माणसं आहेत, असं तिने घरी येऊन सगळ्यांना सांगितलं.

तरीही तिने आधी फक्त कानामागे थेंबभर लावून पाहिलं. खाज आली नाही, पुरळ आलं नाही. शहाणं गिऱ्हाईक असंच असतं. मग ती अंगभर लावू लागली आणि रेवालाही त्यातलंच देऊ लागली.

रेवाला स्वतःचा डाग काही केल्या दिसत नव्हता. “पण तू म्हणतेस तर असेल, ताई,” ती म्हणाली आणि पाठ पुढे केली. तिचं तोंड पाठीपर्यंत पोचत नसे. म्हणून वेणू रोज स्वतःच्या नाकाने तिच्या पाठीवर सीरम पसरायची, अगदी शेपटीपर्यंत, एक जागा सोडायची नाही. मग रेवाही तिच्या पाठीवर तसंच पसरायची.

मुलांनो, तुम्हाला वाटेल ते सीरम खोटं निघालं. अजिबात नाही. अशा गोष्टींत नेहमी औषध खोटं निघतं, कारण सांगणाऱ्यांनी कधी ते लावलेलं नसतं. ‘पहाट’ अगदी खरं होतं. तपकिरी रंग आधी फिका झाला, मग पिठूळ, आणि पावसाळा यायच्या आत दोघी जावा कण्या धुतलेल्या पाण्यासारख्या पांढुरक्या झाल्या. ठिपके कुठे होते तेसुद्धा सांगता येईना. ज्या हरिणींनी वेणूकडे कधी मान वळवून पाहिलं नव्हतं, त्या लांबून तिला ओळखू लागल्या. लांबून ओळखू येणं ही मोठी गोष्ट असते.

बिबट्यालाही त्या लांबून ओळखू येऊ लागल्या.

एका संध्याकाळी रेवा सागाखाली उभी होती. नेहमीच्याच जागी. आजूबाजूला सगळं तपकिरी आणि हिरवं, आणि मध्ये रेवा, देवळीत दिवा ठेवावा तशी. मारोतराव शेंड्यावरच होते. त्यांना बिबट्या दिसला होता. पण ते ‘चांदणी’च्या नव्या सुगंधाबद्दल सांगत होते आणि वाक्य अर्धवट सोडायची त्यांना सवय नव्हती.

वेणू पोचली तेव्हा गवत नुसतं दबलेलं होतं.

कळप भेटायला आला. सगळ्या रेवाबद्दल चांगलंच बोलल्या. शेवटी शेवटी काय तेज आलं होतं हो तिच्यावर, असं एकीने म्हटलं आणि दुसरीने डोळे पुसत विचारलं, की ती कुठलं लावायची. वेणूने नाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी ‘उजळणी’समोर रांग लागली.

वेणूही गेली, पण रांगेत उभी राहिली नाही. तिने बगळ्याला सांगितलं, की रेवा गेली, आणि ती या सीरमामुळेच गेली. बगळ्याने फार सहानुभूतीने ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, की स्वतः रेवाताईंची काही तक्रार आहे का? कारण ‘पहाट’ वापरणाऱ्या एकीनेही आजवर परत येऊन तक्रार केलेली नाही, आणि दुसऱ्याच्या वतीने तक्रार घेण्याची दुकानाची पद्धत नाही.

तेवढ्यात दुकानामागून बिबट्या आला. सावकाश, जेवण झालेल्या माणसासारखा. अंगावर ठसठशीत काळे ठिपके, एकही कमी नाही. वेणू दोन पावलं मागे सरली. त्याने तिला घाबरू नका म्हणून सांगितलं. आत्ताच झालंय, असं म्हणाला. आपणच ते सद्गृहस्थ, हेही त्याने संकोचून कबूल केलं. भाव वाढवायचा बगळ्याने पुष्कळदा आग्रह केला, पण आपण ठाम राहिलो. साध्यातल्या साध्या हरिणीला परवडलं पाहिजे.

वेणूला त्याच्या अंगाकडे पाहून काय वाटलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, “तुम्ही नाही लावत?”

“मला लोकांच्या नजरेत यायची हौस नाही, ताई,” बिबट्या म्हणाला.

वेणू तिथून जी पळाली ती कळपात येऊन थांबली. तिने सगळ्यांना सगळं सांगितलं. सीरम कुणाचं आहे, स्वस्त का आहे, रेवा कशी गेली. कळपाने शांतपणे ऐकलं. मग एक वयस्कर हरिणी म्हणाली, “तुझा डाग गेला, वेणू. आता आमचा जायची वेळ आली तर तुला नको झालं.”

आणि तिचा डाग खरंच गेला होता.

ती रानडुकरांच्या डबक्याकडे गेली. तिथे एक म्हातारी डुकरीण पडली होती. वेणूने विचारलं, थोडी जागा मिळेल का. डुकरिणीने काही न विचारता कूस बदलली. वेणू चिखलात उतरली आणि लोळली. मान, पोट, पाय, सगळं भरवलं. पाठ मात्र नीट भरेना. आपलं तोंड आपल्या पाठीपर्यंत पोचत नाही, तिथे दुसरं कुणी लागतं, हे तिला तिथे आठवलं. शेवटी डुकरिणीनेच नाकाने तिच्या पाठीवर चिखल ढकलला.

तेव्हापासून वेणू रोज लोळू लागली. चिखल वाळला की ती मातीसारखी दिसायची. बिबट्या पुन्हा जवळून जाऊ लागला आणि तिला न पाहता जाऊ लागला. कळपात मात्र तिच्याबद्दल वाईट वाटत असे. चांगली उजळली होती, तिला मानवलं नाही, असं म्हणायचे.

पावसाळा संपताना ‘पहाट’ची नवी बाटली आली. ती आणखी लवकर उजळवायची. सूचना एकच होती: लावल्यावर वाळेपर्यंत एका जागी उभं राहावं, हललं तर पट्टे उमटतात.

कुमुद आणि सई नावाच्या दोन तरण्या हरिणी नवं सीरम लावून पाणवठ्याच्या काठाला उभ्या होत्या. वेणू पलीकडे चरत होती. तिला गवत हललेलं दिसलं. वारा नव्हता. तिने पुढचा पाय आपटला आणि जिवाच्या आकांताने हाक दिली.

सई पळाली. वेणूने पुन्हा हाक दिली. कुमुदने मानसुद्धा वळवली नाही. ओठ न हलवता बोलावं तशी ती म्हणाली, “ओरडू नका हो काकू. अजून वाळलं नाही.”

तिच्या अंगावर एकही पट्टा उमटला नाही.

सईच्या पाठीवर मात्र तीन-चार उमटले. दुसऱ्या दिवशी ती रडत दुकानात गेली. बगळ्याने तक्रार लिहून घेतली, दिलगिरी व्यक्त केली आणि तिला बाटली बदलून दिली. परतताना वाटेत तिला वेणू भेटली. वेणूला काहीतरी बोलायचं होतं. पण सईने बाटली सांभाळली आणि ती बाजूला सरून गेली, अंगाला चिखल लागू नये म्हणून.

तात्पर्य: सीरम परवडणारंच घ्यावं. लावल्यावर पूर्ण वाळेपर्यंत हलू नये. आणि चिखलात लोळणाऱ्या बायकांच्या हाका ऐकून तर मुळीच पळू नये, पट्टे उमटतात.