जाधवांची थिअरी

आमच्या रहाटणीतल्या सोसायटीत कुणी ‘माझी एक थिअरी आहे’ म्हटलं, की जाधव हात वर करून ओरडतात, “होल्ड!”

महाळुंग्याच्या एका कारखान्यात ते क्वालिटी तपासणीत होते. संशय आला की माल जागीच थांबवायचा, ही नोकरीतली सवय. निवृत्तीनंतर माल संपला. आता ते माणसं थांबवतात.

परवा नळाला पाणी आलं नाही. तळमजल्यावरचे अण्णा, मूळचे इथल्या गावातले, म्हणाले, “टँकरवाल्यानं वॉचमनला फोडलाय. माझी थिअरी हाय.”

“होल्ड! पाणी आलं नाही, ही फॅक्ट. तुमचा नुसता संशय.”

“मग थिअरी कशाला म्हनायचं, राव?”

जाधवांचा चेहरा उजळला. “फॅक्ट सांगते काय झालं. थिअरी सांगते का झालं. कुठल्या मजल्याला पाणी आहे, कुठल्या नाही, सगळ्याचं उत्तर तिच्याकडं पाहिजे. शिवाय पुढं काय होणार तेही आधी सांगायचं. तसं झालं नाही, तर थिअरी स्क्रॅप!”

“व्हय, पन पानी कधी येनार?”

“त्याला अजून डेटा लागेल.”

अण्णा बादली घेऊन निघून गेले.

जाधवांच्या पत्नी मालतीवहिनी अर्धांगवायूच्या झटक्यानंतर बोलत नाहीत. त्यांना आपलं बोलणं समजतं का, हे डॉक्टर खात्रीनं सांगत नाहीत. जाधवांचं म्हणणं एकच: समजतं.

रविवारी सकाळी ते अनवाणी माझ्या दारात आले. “भाऊ, चला! साक्षीदार पाहिजे!”

जिन्यातच त्यांनी चाचणी समजावली. “हिला समजत असेल, तर माझ्या तोंडचं खोटं ही ऐकून घेणार नाही. जन्मात घेतलेलं नाही. गप्प राहिली, तर…”

वहिनी खिडकीशी खुर्चीत होत्या. जाधवांनी घसा साफ केला.

“भाऊ, नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दुसऱ्याच कंपनीच्या बसमध्ये चढलो. कुणामुळं? हिच्यामुळं! हिनंच ढकललं मला त्या बसमध्ये.”

पंखा फिरत होता. जाधवांच्या कपाळावर घाम आला.

“च्च!”

आवाज वहिनींचा होता. बारीक, पण स्पष्ट. भुवईही वर गेली होती.

“ऐकलंत? ऐकलंत ना!” जाधवांनी माझे दोन्ही हात धरून मला गदागदा हलवलं. “आधी सांगितलं होतं की नाही? तसंच झालं!”

“पुन्हा एकदा चाचणी घेऊन बघा,” मी म्हणालो.

“घेणार. पण आज नको. चिडलीय ती.”

स्टूल ओढून ते वहिनींच्या जवळ बसले आणि तीच गोष्ट खरी सांगू लागले. वहिनी गॅलरीतून ‘अहो, ही तुमची बस नाही’ म्हणून ओरडत होत्या, आपण ऐकलं नाही, परक्या कँटीनमध्ये पोहे खाऊन झाल्यावर चूक कळली.

वहिनी काही बोलल्या नाहीत.

“बघा,” जाधव हळूच मला म्हणाले, “आता कशाला बोलेल? सगळं बरोबर आहे ना.”