अण्णांकडचे चार वादक

अण्णांनी कॉम्प्युटरवर रचलेली धून लेकीला फोनवर ऐकवली, तेव्हा ती म्हणाली, “छान आहे हो. पण व्हायोलिन दाराच्या बेलसारखं वाटतंय.”

अण्णांच्या ते जिव्हारी लागलं. विमा कचेरीतून निवृत्त झाल्यावर वर्षभरात बायको गेली, आणि घरात आवाज करणारं दुसरं कुणी उरलं नाही. लेक सुट्टीत आठ दिवस राहायला येणार होती. तिला समोर बसवून धून ऐकवायची, या एका आशेवर अण्णा तग धरून होते.

मग त्यांनी कॉम्प्युटरसाठी मिळणारे व्हायोलिनचे तयार आवाज पारखायला घेतले. एक फारच लाडात येणारं, एक नाकात बोलणारं. शेवटी हवा तसा आवाजांचा संच सापडला, खऱ्या चार वादकांना एका खोलीत बसवून टिपलेला. त्यात तारांवर घासणारा गज होता, वादकांचे श्वास होते, खुर्च्यांची करकर होती आणि एक खोकलासुद्धा होता. प्रत्येकाला पडद्यावर आवाज कमी-जास्त करायचं वेगळं बटण. अण्णांनी हात आखडता घेतला नाही, सगळी बटणं शेवटपर्यंत नेली.

धून चालू असतानाच लेकीचा फोन आला.

“अण्णा, कोण आलंय घरी?”

खरं सांगायला त्यांनी तोंड उघडलं होतं. पण त्यावर ती “एकटे कंटाळता ना?” असं विचारणार, आणि तेही आजाऱ्याशी बोलतात त्या सुरात, हे त्यांना पाठ होतं.

“आहेत मंडळी. चौघं. वाजवायला येतात.”

“काय सांगता! आणि खोकतंय कोण?”

“ते... मोठं व्हायोलिन वाजवतात ते. जुनाच खोकला आहे.”

तेव्हापासून लेकीचा फोन वाजला की अण्णा आधी चौघांना सुरू करत आणि मग फोन उचलत. लेकीने गुळण्या सुचवल्या. पुढच्या फोनला खोकला तसाच, त्याच जागी.

“ऐकत नाहीत गं कुणाचं,” अण्णा म्हणाले.

मग खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर वर आले. “पाहुणे येऊ देत हो, पण खुर्च्या किती वाजवतात! पायांना रबर तरी लावा.”

अण्णांनी माफी मागितली. नुसती मागितली नाही, बाजारातून रबराची टोपणं आणून घरातल्या एकुलत्या एक खुर्चीला लावली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर जिन्यात भेटले. “बराच फरक पडला,” म्हणाले.

अण्णांनाही हे सगळं आवडायला लागलं होतं. खोकला ऐकू आला की “पाणी देऊ का?” असं तोंडून निघून जाई, आणि त्यानंतर खोली जास्तच रिकामी वाटे.

धून रचून पुरी झाली. लेकीचा फोन आल्याबरोबर त्यांनी विचारलं, “कधी निघतेस? घ्यायला येतो स्टेशनवर.”

“तेच सांगणार होते, अण्णा. या सुट्टीत येत नाही मी.”

“का गं?”

“तुम्ही एकटे म्हणून जीव लागून राहायचा, म्हणून साहेबांच्या हातापाया पडून रजा काढायचे. आता घर कसं भरलेलं असतं तुमचं! माझी काळजीच मिटली. चालेल ना?”

मागे चौघे मन लावून वाजवत होते.

“अगं, ते चौघं म्हणजे...”

“हो हो, त्यांना ताटकळत ठेवू नका. माझा नमस्कार सांगा सगळ्यांना. खोकणाऱ्या काकांना जास्त.”

फोन बंद झाला. अण्णांनी धून शेवटपर्यंत वाजू दिली. मग उठून कॉम्प्युटरसमोर उभे राहिले.

“लेकीने नमस्कार सांगितलाय,” ते म्हणाले, आणि उत्तराची थोडी वाट पाहिली.