मेंढीच्या पोटापर्यंत बर्फ

सकाळी सुगंधाबाईंनी शेळीची धार काढली, पातेले चुलीवर ठेवले आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला. या वेळी त्यांच्या लेकाचा, बिरदेवचा फोन येई. तो हिमाचलातल्या बर्फावरच्या खेळाच्या एका लहानशा जागी कामाला होता. जागा म्हणजे एकच उतार, माणसांना वर ओढून नेणारी एकच दोरी आणि पायांना लांब पट्ट्या बांधून खाली घसरणारे हौशी लोक. पट्ट्या भाड्याने देणे आणि उतार राखणे, हे बिरदेवचे काम. ताडकळसच्या या मेंढपाळ घराने बर्फ मोजण्याचे मापही आपल्या परीने ठरवून घेतले होते.

"किती हाय आज?" फोन येताच त्याच्या वडिलांनी, दत्तरावांनी विचारले.

"कायबी न्हाई, आबा. रातच्याला दव गोठतंय, दुपारी ऊन पडलं की खलास. दरसाली ह्या दिवसांत मेंढीच्या पोटाला लागतोय. औंदा कोकराचं खूर बी बुडंना."

सुगंधाबाईंचा हात थांबला. त्यांचे चुलतभाऊ तात्याराव आज पोखर्णीहून येणार होते. त्यांची दीपिका बिरदेवला करायची, हे दोन्ही घरांच्या मनात होते; पण पोराचे काम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सुपारी फोडायची नाही, असे तात्यारावांनी बजावले होते. बर्फ पडला तर काम, नाही तर बसून, ही नोकरी त्यांना पटलेली नव्हती.

"आभाळ तरी आलंय का, बाळा?"

"दोन दिसांत येईल म्हणायलेत."

"तवर पाव्हण्याला बसवून घेऊ," दत्तराव म्हणाले.

"दोन दिस? दादा चहा पिऊन उठणारा माणूस हाय, आवं!"

तात्याराव आले. त्यांना पोहे झाले, चहा झाला, नव्या कोकरांचे दर्शन झाले. शेवटी सुगंधाबाई म्हणाल्या, "आज रेंजच न्हाई, दादा."

"माझ्या फोनला हाय की. ह्याच्यावर लाव."

फोन लागला. पडद्यावर वाळलेल्या गवताचा भलामोठा उतार दिसला. दोरी लोंबकळत होती आणि तिच्याखाली बिरदेव अवघडून उभा होता. तात्याराव पडद्यावर वाकले. सुगंधाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"जावईबापू, फोन जरा खाली धरा. ह्ये गवतच हाय न्हवं?"

"हो, मामा."

"एवढं दाट! अन् चरायला एक जनावर न्हाई?"

"इथं जनावर येऊच देत न्हाईत."

"कोण येऊ देत न्हाई?"

"मीच."

त्या दिवसांत पोखर्णीचा माळ खरवडून काढल्यासारखा झाला होता आणि तात्याराव चाऱ्यासाठी रोज नवे बांध पालथे घालत होते. त्यांनी भाच्याकडे नव्या आदराने पाहिले. "सुगंधे, बोलली न्हाईस कवा! एवढी चराई पोराच्या ताब्यात हाय म्हून!"

दत्तरावांनी तोंड उघडले. सुगंधाबाईंनी तत्परतेने त्यात साखर घातली. सुपारी फुटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बिरदेव फोनवर ओरडतच होता. "आबा! मेंढीच्या पोटापर्यंत! दोरी सुरू झाली. शिवरात्रीपर्यंत काम पक्कं!"

हा आनंद दूध उतू जाईपर्यंतही टिकला नाही. लगेच तात्यारावांचा फोन आला.

"दाजी, दीपिकाच्या आंदणाला वीस मेंढ्या काढल्यात. ट्रकवाल्याशी बोललोय. तिकडंच नेऊन सोडू, चरतेत."

फोन ठेवल्यावर दोघे नवराबायको चुलीपाशी बसून राहिले.

"खरं सांगावं तर सोयरीक मोडती," सुगंधाबाई म्हणाल्या.

"अन् न सांगावं तर मेंढरं मरतेत," दत्तराव म्हणाले.

मेहुण्याचा गैरसमज तसाच राहू देणे त्यांना दोन दिवस जमले होते. मेंढ्यांना बर्फात धाडणे मात्र जमण्यासारखे नव्हते. दत्तरावांनी मोटारसायकल काढली.

पोखर्णीला तात्याराव मेंढ्यांच्या वाड्याच्या जाळीपाशीच भेटले. वेगळ्या काढलेल्या मेंढ्यांच्या पाठींवर त्यांनी गुलाल लावला होता. दत्तरावांनी सगळे सांगितले.

"म्हंजे गवत दिसतंय कवा?"

"बर्फ न्हाई पडला तर."

"अन् गवत दिसलं तर?"

"पोराला काम न्हाई."

"मंग कशाच्या भरवशावर पोरगी देऊ मी?"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली दीपिका तिथेच थांबली होती. "आप्पा, तिथं बर्फच असतोय. मला त्येंनी फोनवर दाखवलाय की, मागल्या साली."

"मागल्या साली?" दोन्ही बापांनी एकदमच विचारले.

दीपिकाने तांब्या खाली ठेवला आणि मधली जाळी उचलून धरली. गुलालाच्या पाठी एकेक करून कळपात मिसळल्या. शेवटची मेंढी रेंगाळली, तिला तिने गुडघ्याने पुढे ढकलले आणि स्वतः घरात निघून गेली.

तात्याराव कळपाकडे पाहत राहिले. मग त्यांनी खिशातून फोन काढला.

"बजरंग, उद्या ट्रक आणू नको," ते म्हणाले. "वैशाखात आण. वऱ्हाड न्यायचंय."