फौजदाराचं कवळं नाक

भैरूआप्पांनी डोळेसुद्धा न उघडलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला नोकरीवर घेतलं. नाव ठेवलं फौजदार. काम एकच: आक्का, म्हणजे आप्पांची बायको, कुठं निघून गेल्या की त्यांना वासावरून शोधून काढायचं. आक्कांना विसराळूपणाने गाठलं होतं. दार उघडं दिसलं की त्या चालू लागायच्या. एकदा तर थेट कोल्हापूरच्या एस.टी.त बसलेल्या सापडल्या.

"तंबाखूचं पान अन् कुत्र्याचं नाक, कवळं असतानाच धरावं," हे आप्पांचं शास्त्र. कोवळं पान खुडलं तर तंबाखू वाया जाते, हे आमच्या निपाणीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण आप्पांनी सगळा जन्म तंबाखूच्या वखारीत काढलेला. दारावर, राखणदार म्हणून. त्यांच्याशी वाद कोण घालणार?

रोज सकाळी ते आक्कांच्या लुगड्याचा तुकडा फौजदाराच्या नाकाला लावत आणि "हुडक!" असा हुकूम सोडत. फौजदार त्या तुकड्यावरच झोपी जायचा. पायांत बळ आल्यावर तो तपासाला निघाला, पण तपास दरवेळी सुक्या मासळीच्या टोपलीपाशी संपायचा. त्यात गल्लीभर तंबाखूचा खकाणा उडायचा. जिथे माणसांची नाकं कामातून गेलेली, तिथे कुत्र्याला वास शिकवायचा!

शेजारची शांताकाकू म्हणायची, "आप्पा, तुमचा फौजदार बी हप्ता खानाराच निघाला की!"

मी त्याच गल्लीतला, आमच्या घरातला पहिलाच बेळगावला कॉलेजात गेलेला. त्यामुळे कुत्र्यांचंही मला कळत असणार, असं गल्लीने परस्पर ठरवलं होतं. आप्पांनी मला बेळगावात चौकशी करायला सांगितलं. मी भीतभीत जनावरांच्या डॉक्टरांना विचारून आलो.

"आप्पा, दोन महिन्यांचं झालं की खेळत खेळत शिकवायचं म्हणे. पण खरं काम... वर्षाचं झाल्यावर."

"वरीस?" आप्पांनी आत बघितलं. आक्का रिकामं सूप पाखडत बसल्या होत्या. "त्येला मिळंल रं वरीस. हिला कुठनं आनू?"

मग ते माझ्याकडे वळले. "खेळ म्हनालास न्हवं? मग खेळूया."

पुढच्या सुट्टीत आलो, तेव्हा परसात खेळ रंगला होता. आक्का शेवग्याच्या झाडामागे लपल्या होत्या. खोड एवढंसं, त्यामुळे निम्म्या आक्का बाहेरच. फौजदार आप्पांच्या धोतराचा सोगा चावत होता. आणि आप्पा, समोर बायको दिसत असून, कणगीत, बंबात, बादलीतसुद्धा वाकून बघत होते. "कुठं गेली गं बया! फौजदार, आता रं कसं?"

जवळून जाताना आक्कांनी माझा हात धरून मला खाली ओढलं. हसू आवरत नव्हतं त्यांना.

"सांगू नगंस हं," त्या कुजबुजल्या. "त्यो म्हातारा कोन, कुनाचा, मला ठावं न्हाय. पर रोज हुडकतोय मला."