तव्याले साबण लावायचा नाही

आमच्या गल्लीतले गुलाबराव अकोल्याला लग्नाला निघाले की कपडे पिशवीत आणि तवा सुटकेसमध्ये असतो. मी एकदा विचारलं, "भाऊजी, लग्नात जेवण नाही का? तवा कायले?"

"वयनी, घर तीन दिवस बंद राहते. पावसाळी हवा. एकट्याले जंग लागते त्याले."

तवा बिडाचा, त्यांच्या आईच्या वेळचा. गुलाबराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. बायको गेल्यावर स्वयंपाक त्यांनीच हातात घेतला, आणि जुन्या बाजारातून बिडाच्या दोन कढयाही उचलून आणल्या. रोजचं वांगं, बेसन, भाकर, सगळं बिडातच. मग गरम पाणी, नारळाची शेंडी आणि वरून जवसाच्या तेलाचं बोट. साबण म्हटलं की अंगावर येतात. "ते काळं म्हणजे मळ नाही, कातडं आहे त्याचं!" मी एकदा त्यांच्या कढईत टमाटरची चटणी करून तशीच ठेवली, आंबटानं ते कातडं निघालं, तर आठ दिवस माझ्याशी अबोला.

त्यांची एकुलती लेक पुष्पा अकोल्याला दिलेली. मागच्या वर्षी माहेरी आली असता तिनं कढईला साबण लावला, तेव्हा हे असे ओरडले की पोरगी भरल्या ताटावरून उठून बसस्टँडवर गेली. वर्षभर आली नाही.

यंदा हिवाळ्यात आली. मी ताक द्यायला गेले, तर ओट्यावर तवा पांढराफटक!

"बाबा, साबणाचा थेंब नाही लावला, बरं का," पुष्पा कौतुकानं सांगत होती. "समोरच्या बांधकामावरची वाळू आणली न् तारेची घासणी. दोन तास घासला."

मी ताकाचं भांडं ठेवलं आणि दाराजवळ सरकले. गुलाबरावांनी तवा उचलला. उलटा केला, सुलटा केला. कान लाल झाले होते.

"हात दुखले असतीन, बेटा," ते म्हणाले.

मग त्यांनी भाकर टाकली. ती अशी चिकटली की उलथण्यानं खरवडून काढावी लागली. ते तुकडे त्यांनी ठेच्यासोबत खाल्ले, वर "खमंग झाली" म्हणाले.

चार दिवसांनी पुष्पा गेली. गुलाबराव अंगणात तवा तापवून जवसाचं तेल चोळत बसले. गल्लीभर धूर.

"भाऊजी, तिले सांगतलं काहून नाही?"

"मागच्या साली सांगतलं होतं ना," एवढंच बोलले आणि पुन्हा तेल चोळू लागले.

दीड महिन्यात तवा पुन्हा काळा कुळकुळीत झाला. भाकर आपोआप सुटायला लागली. त्या दिवशी ते मला तेच दाखवत होते, तेवढ्यात पुष्पाचा फोन आला. फोन स्पीकरवर होता.

"बाबा, तवा साफ आहे ना?"

गुलाबरावांनी तव्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाठ केली.

"कायचा साफ! लयच खराब झाला, बेटा. माह्या हातानं निघत नाही. तू कधी येतं?"